काकडीचा घोडा, वांग्याची गाय

बाबा,

काल तुमचा म्हाळ झाला. आईने पान वाढलं, मी ते मागच्या पडवीच्या पत्र्यावर ठेवलं आणि आम्ही दोघी खाली अंगणात उभ्या राहिलो. कावळे समोरच्या आंब्यावर बसले होते, पण एकही खाली उतरेना. शेजारची काकू म्हणाली, "काहीतरी मनात राहिलं असेल त्यांच्या." आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "काय ऱ्हायलेलं नाय. कुणाची तरी लाईट गेली असंल, ती जोडून येतील." मग कमरेवर हात ठेवून ती तशीच थांबली. तुम्ही असताना थांबायची तशी, न रागावता, न हलता. कावळा आला तेव्हा भात सुकून गेला होता. वायरमनची बायको म्हणून तिने जेवढी वाट बघितली, तेवढी आणखी कुणी बघितली असेल असं मला वाटत नाही.

आज दुपारी ती झोपली आहे. तिच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, पंखा लावला आणि इथे टेबलाशी येऊन बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीला होते. आता माझ्या कानाजवळचे केस पांढरे झालेत, तुम्ही रस्त्यात बघितलंत तर ओळखाल की नाही कोण जाणे. मधलं थोडक्यात सांगते. मी नर्सिंग केलं. रत्नागिरीतच एका खाजगी दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली. लग्न जमलं नाही, आणि पुढे ते जमवायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. दादा मुंबईला असतो, तो बरा आहे. मग पुण्याला राहून जपानी भाषा शिकले आणि जपानला गेले, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत कामावर. ते गावही समुद्राकाठचं. डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, उतारावर संत्र्याच्या बागा. पहिल्या दिवशी बसमधून बघितलं तेव्हा आपण आरे-वारेच्या रस्त्यानेच चाललोय असं वाटलं. मग बस एका दुकानापाशी थांबली आणि मला दुकानाची पाटी वाचता येईना.

काम कसं होतं ते तुम्हाला सांगितलं तर लगेच कळेल. आईला कळत नाही. तिला वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन द्यायचं आणि नाडी बघायची. मी माणसं उचलायचे. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत खाटेवर. त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलायची आणि एवढं करून तोंडावर हसू ठेवायचं. माणसं वाईट नव्हती. एक आजोबा दर सकाळी मला विचारायचे, तू कुठल्या गावची, आणि मी दर सकाळी रत्नागिरी सांगायचे. ते म्हणायचे, लांब आहे ग. पण संध्याकाळी खोलीवर आले की माझ्याने भात लावणंही व्हायचं नाही. गादीवर पडून छताकडे बघत राहायचे. सणावाराला सोबतच्या तिथल्या बायकांना सुट्टी हवी असायची, तेव्हा मी आपणहून हात वर करायचे. माझं तिथे कोण होतं? सुट्टी घेऊन त्या खोलीत बसायचं, त्यापेक्षा कामावर गेलेलं बरं.

अशा वेळी तुमची आठवण यायची. एक गणपती डोळ्यांपुढून हलत नाही. मी चौथीत असेन. आधी दोन दिवस वारा आणि पाऊस एक झाला होता, गणपतीपुळ्याच्या बाजूला खांब आडवे पडले होते आणि तुमचा पत्ता नव्हता. चतुर्थीला दुपारी तुम्ही घरी आलात. आरती होऊन गेली होती. अंग पुसून तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसता, आई पान वाढते, मोदक फोडून त्यात तूप सोडते. तुमचे डोळे मिटत चाललेत, हात पानाशी जाऊन थांबतो. तेवढ्यात बाहेर वरच्या वाडीतला एक माणूस येऊन उभा. "वायरमन हायत काय?" मी दारातच होते. मी सांगून टाकलं, "बाबा घरात नाहीत." तुम्ही आतून ऐकलंत. तसेच खरकट्या हाताने बाहेर आलात, त्याला म्हणालात, "बस, आलोच." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "घरात असलेल्या माणसाला नाय म्हणू नये, बाय. कदी म्हणू नये." हात धुतलात, पट्टा आणि पिशवी खांद्याला लावलीत आणि त्या माणसाच्या मागोमाग पावसात निघून गेलात. आईने मोदकावर वाटी पालथी घातली. मी मागच्या दारी जाऊन रडले. मला वाटलं होतं, मी तुम्हाला घासभर जेवू देतेय. कित्येक वर्षं मला वाटायचं की तुम्हाला आमच्यापेक्षा लोकांच्या घरातला उजेड प्यारा होता. तिथे परक्या देशात, सणाच्या दिवशी कुणाच्या तरी आजोबांना भरवताना, पहिल्यांदा वाटलं की तसं नसेल. बोलावणं आलं की माणूस उठतो, एवढंच असेल.

तिथे ऑगस्टमध्ये ओबोन नावाचा सण असतो. आपल्या पितृपंधरवड्यासारखा, पण तीन-चार दिवसांचाच. घरातली गेलेली माणसं त्या दिवसांत परत येतात, राहतात आणि मग त्यांना पोचवायला जायचं. तीन ओबोन मी कामावर काढले. चौथ्या वर्षी, सणाच्या आदल्या दिवशी, कपडे बदलायच्या खोलीत माझा डोळा लागला. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसरा बूट हातात, पाठ भिंतीला. आमच्या पाळीवरच्या मुख्य बाई तिथे आल्या, मी त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, कामात कडक. त्यांनी माझ्या हातातला बूट काढून घेतला तेव्हा मी जागी झाले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू येऊ नकोस. सण संपेपर्यंत माझ्या घरी राहायचं. मुलगा यंदा येत नाहीये, त्याची खोली रिकामी आहे." मी म्हटलं, मला चालेल, मी काम करते. त्या म्हणाल्या, "तुला विचारलं नाही मी."

त्यांच्या घरी तिघंच. त्या, त्यांचा संत्र्याची बाग करणारा नवरा आणि नव्वदीची सासू. आजीचं जपानी मी पुण्यात शिकलेल्या पुस्तकासारखं नव्हतं. गावाकडचं, शब्द अर्धे गिळलेलं. पहिला तास मला काही कळलं नाही, आणि मग कसं कोण जाणे, कळायला लागलं. मला ती आपल्या बोलीत बोलतेय असंच ऐकू यायचं, म्हणून इथेही तसंच लिहिते. सकाळी आम्ही डोंगरावर त्यांच्या घराण्याच्या दगडापाशी गेलो. जाळलेल्या माणसांच्या अस्थी ते अशा दगडाखाली ठेवतात. त्या बागवाल्याने कमरेला टॉवेल गुंडाळला, बादलीत ब्रश बुडवला आणि दगड घासायला लागला, म्हाताऱ्या बापाची पाठ चोळावी तसा. मी गवत उपटलं. तुमची राख आम्ही खाडीत सोडली होती. ज्यावर पाणी घालावं असं काहीच आमच्याकडे नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कधी टोचलं नव्हतं.

घरी आल्यावर आजीने माझ्यापुढे काकड्या आणि वांगी ठेवली, शेजारी मोडलेल्या काड्या. काकडीला चार काड्यांचे पाय लावले की घोडा होतो. गेलेली माणसं त्यावर बसून भरभर येतात. वांग्याला पाय लावले की गाय. तिच्यावर बसून ती सावकाश परत जातात, सोबतीला बांधून दिलेलं सामान घेऊन. आजीचे हात थरथरत होते तरी तिचा घोडा सरळ उभा राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. "तुझं कोण गेलंय गो?"

"बाबा."

"मग त्यांचा पण कर घोडा."

मी हसले. म्हटलं, "ते इथे कधी आले नाहीत, आजी. त्यांना वाट कुठे माहीत?"

"वाट कशाला पायजे? तू हायस ना हितं."

मी काकडी घेतली. माझा घोडा दोनदा पुढच्या पायांवर बसला. शेवटी बागवाल्याने तो हातात घेतला, काड्या काढून तिरप्या खोचल्या आणि परत दिला. तिन्हीसांजेला दारापुढे मातीच्या ताटलीत वाळक्या काटक्या पेटवल्या, पाहुण्यांना घर ओळखता यावं म्हणून. त्यांनी आपापल्या माणसांना हाका मारल्या. आजी मला म्हणाली, तूही बोलाव. मला मोठ्याने जमेना. या बाबा, एवढंच पुटपुटले, आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते. सरकारी दवाखान्यात आईला आकडी आल्यासारखं झालं होतं, दादा वाटेत होता, कुणीतरी सरळ उभं राहायला हवं होतं.

त्यांच्या देवघरात गेलेल्या माणसांचे फोटो होते. माझ्याकडे तुमचा फोटो फोनमध्ये, घरातल्या तसबिरीवरून काढलेला, काचेत माझाच हात दिसतो असा. आजीने तो फोन आपल्या सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या फोटोंच्या मधे उभा केला. उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, हात जोडले. तेवढ्यात फोनचा पडदा काळा झाला. आजी दचकली. "गेले की काय!" मी बोट लावून तो उजळला. तिला ती युक्ती फार आवडली. मग ती जेवता जेवता उठायची, गुडघ्यांवर सरकत जायची आणि पडद्यावर टिचकी मारायची. "डुलक्या काढतायत," म्हणायची. मी म्हटलं, फोन सतत चालू राहील अशी सोय करता येते. तर म्हणाली, "नको. दमून आलेत. मधीमधी उठवला की पुरे."

बागवाल्याने दोन ग्लासांत बिअर ओतली. एक आपल्या वडिलांपुढे ठेवली, दुसरी तुमच्यापुढे. बाबा, तुम्ही सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाहीत. मी सांगितलं, माझे बाबा पीत नव्हते. तो माणूस इतका ओशाळला की ग्लास उचलताना सांडला. तुमचं काम मी आधीच सांगितलं होतं, आजीला मात्र हे खरं वाटेना. "खांबावर चढायचा आन् पीत नव्हता?" मग तिने विचारलं, त्यांना काय आवडायचं? मला एकच गोष्ट खात्रीने ठाऊक होती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, आलं ठेचलं, दूध-साखर घालून चहा उकळला. मोठ्या बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. चहा वर येऊन भांड्याच्या काठाला लागला तेव्हा त्या घाबरून गॅसकडे धावल्या आणि मी त्यांचा हात धरून थांबवलं. कामावर मी त्यांना कधी थांबवलं नसतं. तुमचा कप फोनपुढे ठेवला, बाकीचा आम्ही प्यालो. आजी म्हणाली, औषध आहे हे, आणि दुसरा कप मागितला.

दुसऱ्या दिवसाचं मला फारसं सांगता येणार नाही, कारण मी झोपले. जेवण झाल्यावर देवघरासमोर चटईवर जरा पाय लांब केले, आणि पुढचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून निघून गेली होती. आजी माझ्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती. कागदी पंखा, कुठल्यातरी दुकानाची जाहिरात छापलेला. किती वेळ घालत होती देव जाणे. मी घाईने उठायला लागले. म्हटलं, मला उठवायचं नाही का? तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत आडवं केलं. "कशाला? बाप-लेक दोघं झोपलेले बरे दिसत होतात." तेव्हा मी रडले, बाबा. पडल्या पडल्याच, आवाज न करता, कानांत पाणी जात होतं ते जाऊ दिलं. ती वारा घालत राहिली.

शेवटच्या संध्याकाळी गाईंची तोंडं दाराकडे केली. आजीने पानात भात, फळं आणि सुकं खाणं बांधलं. तुमच्या वाटचं जरा जास्त बांधलं, लांब जायचं आहे म्हणून. मग खाडीच्या तोंडाशी गेलो. सगळं गाव आलं होतं. कागदाचे कंदील पाण्यावर सोडतात, आत एक मेणबत्ती. माझ्या कंदिलावर मी मराठीत बाबा असं लिहिलं होतं. सगळ्यांनी सोडले, माझा माझ्या हातातच. मागची माणसं थांबली होती. मोठ्या बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. मी वाकले, कंदील पाण्यावर ठेवला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "पुढच्या वर्षी लवकर या." चांगलं मोठ्याने निघालं. लोक वळून बघायला लागले.

"काय बोललीस?" आजीने विचारलं.

मी सांगितलं, आमच्याकडे एक देव पाहुणा येतो, त्याला पाण्यात निरोप देताना असं म्हणतात.

"मग येतो तो?"

"येतो. दर वर्षी."

"शाणा हाय," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात आजी पडली, कमरेचं हाड मोडलं आणि ती आमच्याच संस्थेत आली. सून तिथली मुख्य, पण सुनेने न्हाऊ घातलेलं आजीला चालायचं नाही, लाजायची. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. हळूहळू ती मला विसरली. सुनेला विसरली, मुलाला विसरली. मी पाठीवर पाणी घालत असले की डोळे मिटून बसायची. एकदा तशीच बसलेली असताना म्हणाली, "तुझे बाबा नीट पोचले काय गो?" मी म्हटलं, पोचले. एवढंच बोललो. ती वसंतात गेली. पुढच्या ओबोनला मोठ्या बाईंनी मला विचारलं नाही, सांगितलंही नाही. कामावरून निघताना फक्त गाडीचं दार उघडून उभ्या राहिल्या. मी दोन घोडे केले. या वेळी दोन्ही उभे राहिले.

त्यानंतर करार वाढवायची वेळ आली आणि मी नाही म्हणून सांगितलं. मोठ्या बाईंनी कारण विचारलं तेव्हा आई म्हातारी झाली असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. त्या मान हलवून म्हणाल्या, "हो, आई असेपर्यंत जायला हवं." विमानतळापर्यंत त्या दोघांनी सोडलं आणि बागवाल्याने संत्र्यांची एवढी मोठी पेटी दिली की ती नेता येणार नाही हे त्याला सांगण्यात माझा अर्धा वेळ गेला.

आता मी इथेच आहे. सकाळी आईला उठवते, तिची औषधं देते, दुपारी जवळच्या दवाखान्यात चार तास काम करते. आईला मी हे सगळं सांगितलेलं नाही. तिकडे सण कसे असतात विचारते तेव्हा मी म्हणते, असतात आपल्यासारखेच. हा कागदही मी तिला वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचा म्हटला तरी कुठल्या पत्त्यावर? काल म्हाळाला आलेले सगळे पाहुणे माझं कौतुक करत होते. एवढं परदेशातलं सोडून पोरगी आईसाठी परत आली, असं दहा जणांसमोर बोलले. आईने पदर डोळ्याला लावला. मी मान खाली घालून पोळ्या वाढत राहिले, कुणाचं बोलणं खोडून काढलं नाही. खरं म्हणजे मी दमून परत आले, बाबा.